अकरा पत्रं, तीन सह्या

गिरजा धानके पत्र वाचायची म्हणजे पूर्ण वाचायची. सहीपाशी थांबायची नाही. सहीच्या खालचं, पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं, पाकिटाच्या मागचं, सगळं. कंपनीत यावरून तिची थट्टा चालायची. एकदा डबा खाताना तिने भाकरी गुंडाळून आणलेला वर्तमानपत्राचा तुकडा सरळ करून वाचला आणि म्हणाली, "मेली अर्धी बातमी शेजारणीच्या भाकरीला गेली."

मी कमळाकर विशे. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत 'मयूरध्वनी' नावाची कंपनी होती, तिथे स्टोअर सांभाळायचो. कंपनी म्हणजे पत्र्याची एक शेड, चाळीस माणसं आणि एक मालक. मालक परसराम शेठ, उल्हासनगरचे. आधी आम्ही स्टॅबिलायझर बनवायचो, मग टेपरेकॉर्डर, मग व्हीसीडी प्लेयर, आणि २००१ सालापासून डीव्हीडी प्लेयर. बनवायचो म्हणजे काय, आतली सर्किटं परदेशातून यायची. आम्ही ती पेटीत बसवायचो, तपासायचो आणि खोक्यात भरायचो. खोक्यावर मोर होता. तो जरा कोंबड्याकडे झुकलेला होता, पण माल चांगला होता.

गिरजा तिथे टायपिस्ट म्हणून लागली १९९७ साली. बारावी झालेली, इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास. सासर शहापूरला, नवरा वाशिंदच्या कारखान्यात पाळीला. रोज सकाळी शहापूरहून किन्हवलीमार्गे एसटीने मुरबाडला यायची. माहेर खर्डीचं. वडील चांगो भेरे, पोस्टमन. आसपासच्या पाड्यांवर पायी टपाल वाटायचे. तिथे बऱ्याच जणांना वाचता यायचं नाही, म्हणून पत्र द्यायचे, वाचून दाखवायचे, आणि तिथेच ओट्यावर बसून उत्तरही लिहून घ्यायचे. लहानपणी गिरजा त्यांच्यासोबत हिंडलेली. चांगोबाबांचं म्हणणं असं, की पत्र आलं म्हणजे माणूस दारात उभा हाय, त्याला बस म्हणायचं का नाय? ते पोरीच्या डोक्यात पक्कं बसलं. आठ दिवसांत उत्तर गेलं नाही तर तिला अन्न गोड लागायचं नाही.

पहिलं पत्र आलं २००१च्या गणपतीनंतर. जपानहून. कागद इतका जाड की शेठनी आधी लग्नपत्रिका समजून बाजूला ठेवला. गिरजाने वाचून सांगितलं, "शेठ, हे म्हणतात तुमच्या प्लेयरमध्ये आमचे शोध वापरलेत. परवाना घ्या."

"इनका क्या लिया मैने?" शेठ म्हणाले. "सर्किट पैसे देऊन घेतलं. मोर माझ्या मेव्हण्याने काढला. टाक कचऱ्यात."

गिरजाने कचऱ्यात टाकलं नाही. आवक रजिस्टरात नोंद केली, बॉक्स फाइलीत लावलं, आणि उत्तर लिहिलं, की आपलं पत्र मिळालं, विषय विचाराधीन आहे, आपण सर्व कुशल असाल. तिकडून तीन आठवड्यांत उत्तर आलं, की आम्ही सर्व कुशल आहोत, धन्यवाद, आणि परवाना घ्यावा.

मग रांगच लागली. हॉलंडहून आलं, कोरियाहून आलं, अमेरिकेहून दोन आली, जपानहून तर येतच राहिली. प्रत्येकाचं म्हणणं एकच. डीव्हीडीवर चित्र दाबून बसवायची एक ठरलेली पद्धत आहे, सगळं जग तीच वापरतं, आणि त्या पद्धतीतला एक तुकडा आमचा आहे. कुणाचा चित्रातला तुकडा, कुणाचा तबकडीतला, कुणाचा आवाजातला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अकरा कंपन्यांची पत्रं झाली. आम्ही त्यांना गिरजाताईंचे पाहुणे म्हणायचो. टपाल आलं की पॅकिंगवाले ओरडायचे, "ताई, पाहुणे आले गो, चहा टाका!" ती हसायची आणि टाइप करायला बसायची.

शेठना वाटायचं, पत्रं कचऱ्यात जातायत.

२००२च्या दसऱ्यानंतर शेठ मुंबईच्या एका प्रदर्शनात गेले आणि परत आले ते पेढे घेऊनच. बेल्जियमच्या एका व्यापाऱ्याला आमचा प्लेयर पसंत पडला होता. सहाशे नग, जानेवारीत रवाना. मुरबाडहून युरोपात माल! शेठनी मोराचं चित्र पुन्हा काढून घ्यायची आज्ञा केली. आठ दिवसांनी त्या व्यापाऱ्याचा फॅक्स आला. गिरजाने तो शेवटपर्यंत वाचला आणि शेठच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं. मी पावत्यांवर सही घ्यायला गेलेलो.

"शेठ, ते म्हणतात, ज्यांचे ज्यांचे शोध आत हायेत त्या सगळ्यांचे परवाने दाखवा. नसले तर तिकडच्या बंदरावर माल अडवतात."

शेठ हळू आवाजात म्हणाले, "ती पत्रं..."

"कोणती?"

"वो ही. जपानवाली. कचऱ्यात गेली ना सगळी?"

गिरजा बाहेर गेली आणि दोन बॉक्स फाइली घेऊन आली. तारखेनुसार लावलेल्या, प्रत्येक पत्रामागे तिच्या उत्तराची प्रत. शेठ पानं उलटत राहिले. "यांना माझ्या नावाने उत्तरं दिली तू?"

"व्हय. रागावू नका. विचाराधीन हाय एवढंच लिवलंय."

"वर्षभर?"

"वर्षभर विचारच चाललाय म्हटलं."

शेठनी कपाळाला हात लावला, पण हसू त्यांना दाबता आलं नाही. म्हणाले, "आता विचार संपला असं लिही. सगळ्यांना."

गिरजाने अकरा ठिकाणी कळवलं, की आम्हांला परवाना हवा आहे, काय करावं ते सांगा. कंपनीला वाटलं, आता आठवड्याभरात काम होईल. उत्तरं यायला लागली तशी शेठची झोप गेली. एकाने साठ प्रश्नांचा फॉर्म धाडला. त्यात शेडची लांबी-रुंदीसुद्धा विचारली होती. दुसऱ्याने कळवलं, की हा विषय आमचे लंडनचे वकील पाहतात. लंडनच्या वकिलांनी कळवलं, की कंपनीलाच लिहा. तिसऱ्याने त्रेचाळीस पेटंटांची यादी पाठवून विचारलं, यातली तुम्हांला नेमकी कोणती हवीत? गिरजाने ती यादी तपासणीवाल्या मुलींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, आमाला हिरवा दिवा लागला की पास आणि लाल लागला की नापास, एवढंच ठावं.

आणि प्रत्येकाचा हिस्सा वेगळा. प्रत्येकाला वाटत होतं, आपलाच तुकडा सगळ्यांत मोलाचा. शेठ म्हणाले, "एवढ्या सगळ्यांना दिलं तर मला काय राहील? खोका? खोक्यावरचा मोर?"

नोव्हेंबर संपत आला. करार एकाचाही झाला नव्हता. शेठ बेल्जियमला नकार कळवायच्या बेतात होते, पत्राचा मजकूरही त्यांनी गिरजाला सांगून ठेवला होता. तिने तो टाइप केला नाही. मशीनची रिबन संपली म्हणाली. कंपनीत तेव्हा कॉम्प्युटर येऊन दोन वर्षं झाली होती.

त्या संध्याकाळी एसटीत तिने पत्रांचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि पहिल्यापासून वाचायला लागली. हे तिनेच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सरळगाव गेलं, किन्हवली आली, आणि कोरियाच्या पत्राच्या तळाशी तिला एक बारीक ओळ दिसली. हेच पेटंट सामाईक परवान्यातूनही मिळू शकेल, पत्ता अमुक, अमेरिका. ओळ तिने आधीही वाचली होती, पण एकट्या पत्रात तिचा अर्थ लागला नव्हता. आता तिने जपानचं एक पत्र काढलं. तळाशी तीच ओळ, तोच पत्ता. मग दुसरं जपानचं. मग हॉलंडचं. शहापूर आलं तरी ती उतरली नाही, कंडक्टरने हाक मारली तेव्हा कुठे भानावर आली.

सकाळी ती स्टोअरमध्येच आली. "कमळाकरभाऊ, हे बघा. एकमेकांचं तोंड न पाहणारी ही माणसं एकच पत्ता कसा सांगतात?"

मी म्हटलं, "काहीतरी गडबड असंल."

"गडबड असती तर पत्ते वेगळे असते," ती म्हणाली आणि शेठकडे गेली.

शेठना तर खात्रीच पटली की हा कुणीतरी दलाल आहे. "सगळ्यांच्या वतीने एकच माणूस पैसे घेणार? ताई, उल्हासनगरला असे मी रोज बघतो."

मग गिरजाने तिच्या गावची गोष्ट सांगितली. खर्डीला त्यांच्या शिवारात भाताचं खळं रस्त्यापासून आत आहे. मधे नऊ जणांची शेतं. मळणीचं यंत्र आत न्यायचं तर नऊ जणांना विचारायचं. एक म्हणायचा, माझी कापणी होऊ दे. दुसऱ्याला पेंढा हवा. तिसरा कल्याणला राहायला गेलेला, त्याला शोधायला माणूस धाडायचा. आठ जणांनी हो म्हटलं आणि नवव्याने नाही म्हटलं, तर यंत्र रस्त्यावरच. शेवटी नऊ जण बसले, आपापल्या बांधालगतची पट्टी सोडली, सलग वाट केली आणि चांगोबाबांना म्हणाले, तुम्हीच यंत्रवाल्याला हो म्हणा, वाटेबद्दल तो देईल ते धान्य आमच्यात वाटा. तेव्हापासून यंत्रवाला एका दारात येतो. आणि यंत्र घरचं असो का भाड्याचं, द्यायचं माप सगळ्यांना एकच.

"बाबा काय दलाल हायत?" तिने विचारलं.

शेठ ओशाळले. म्हणाले, "और एक बात बता. ज्याचं शेत वाटेवर नाहीच, तो पण माप मागायला आला तर?"

"वाटेवर नाय तर त्याला विचारायचं कशाला? पण कुणाचं वाटेवर हाय आन कुणाचं नाय, ते तिऱ्हाइताने मोजून ठरवलं पायजे."

तरी शेठना खात्री हवी होतीच. गिरजाने चार वेगवेगळ्या कंपन्यांना फॅक्स केला, की हा पत्ता तुमचाच का? चौघांचं उत्तर चार दिवसांत आलं. होय, आमचाच, आणि आमच्या बरोबरच्या इतरांचाही. मग तिने त्या पत्त्यावर लिहिलं. पंधरवड्यात कुरिअरने विटेएवढं पाकीट आलं. आत करार, पेटंटांची यादी, आणि ज्यांनी परवाना घेतला त्यांची यादी. कुठली पेटंटं खरोखर लागतात, हे एका बाहेरच्या तज्ज्ञाने तपासून ठरवलं होतं. गिरजाने तीन दिवस जाता-येता एसटीत तो करार वाचला. शेजारच्या बाईने विचारलं, पोथी कसली? गिरजा म्हणाली, "जुळत आली की सांगते."

जुळली ती अशी. तिच्या अकरांपैकी सहा जण त्या यादीत होते. शिवाय आणखी चौदा-पंधरा कंपन्या होत्या, ज्यांनी आम्हांला अजून लिहिलंच नव्हतं. त्यांचंही काम त्याच सहीत होणार होतं. ते ऐकून शेठ खुर्चीत नीट बसले. "म्हणजे जे पाहुणे यायचे होते ते पण आत?"

"आत. आन दर सगळ्यांना सारखा. मोठ्या कारखान्याला जो, तोच आपल्याला. कुणाला तरी वेगळं बोलायचं असंल तर एकेका कंपनीशी बोलायची मुभा हायच."

शेठना दरापेक्षा ती परवाना घेतलेल्यांची यादी जास्त आवडली. ज्यांची नावं ते दुकानांच्या पाट्यांवर बघत आले होते, त्या बड्या कंपन्या तिथे ओळीने उभ्या होत्या. सही केल्यावर आपलं नाव कुठे येईल, हे त्यांनी इंग्रजी मुळाक्षरांवर बोट ठेवून शोधलं. जगातल्या एका भल्यामोठ्या कंपनीच्या बरोबर वर येणार होतं. "वर?" त्यांनी तीनदा विचारलं.

पण गिरजाने दुसरं बोट वर केलं. "शेठ, हे झालं चित्राचं. तबकडीचं वेगळं."

"वेगळं म्हणजे?"

"तिचा दुसरा गट हाय. आपले तीन पाहुणे त्यात. आवाजाची एक कंपनी एकटीच ऱ्हाते, तिच्याशी वेगळा करार. म्हणजे एक नाय, तीन सह्या."

शेठ म्हणाले, "तू मला एका सहीची गोष्ट सांगितली होती."

"आमच्या गावात खळं एकच हाय," गिरजा म्हणाली.

सहा, तीन आणि एक, झाले दहा. अकरावं पत्र एका अशा कंपनीचं होतं, जिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. तिचा दावा होता तबकडी बाहेर येताना पेटीवर लुकलुकणाऱ्या दिव्यावर. मागणी मात्र सगळ्यांत मोठी तिचीच. शेठ म्हणाले, देऊन टाकू, कटकट नको. गिरजा म्हणाली, थांबा. तिने अतिशय अदबीने लिहिलं, की ठरलेल्या पद्धतीच्या कोणत्या कलमाप्रमाणे तबकडी वाजवायला हा दिवा लुकलुकावा लागतो, ते कृपया कळवावं. आणि तपासणीवाल्या मुलींना सांगून दिवा लुकलुकायचा बंद केला. तो नुसता लागून राहायला लागला. त्या पत्राला कधी उत्तर आलं नाही. तिला त्याचं थोडं वाईटही वाटलं. म्हणाली, कुशल हायत का नाय, तेवढं तरी कळवायचं.

करारांवर नोटरीचा शिक्का हवा होता. मुरबाडला तहसील कचेरीजवळ एक नोटरी बसायचे. आयुष्यभर सातबारा, वाटणीपत्रं आणि हमीपत्रं पाहिलेला माणूस. गिरजा, शेठ आणि साक्षीदार म्हणून मी, असे तिघं गेलो. त्यांनी पहिला करार उघडला, चष्मा पुसला, पुन्हा उघडला.

"जमीन कुठल्या मौजाची?"

"जमीन नाय," गिरजा म्हणाली. "चित्र हाय."

"कुणाचं चित्र?"

"कुणाचं नाय. चित्र दाबून तबकडीत बसवायची रीत."

नोटरींनी शेठकडे पाहिलं, शेठनी माझ्याकडे, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "रीत कुणाची आहे?"

"वीस-एकवीस जणांची. सामाईक."

"असं म्हणा की," नोटरींच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "सामाईक मालकी, वापराचा हक्क. चतुःसीमा लिहिलीय का?"

गिरजाने पेटंटांची यादी पुढे केली. त्यांनी ती पंधरा पानं उलटून पाहिली, "लांबलचक हद्द आहे," म्हणाले आणि शिक्का मारला. आवाजाचा आणि तबकडीचा करार त्यांनी न विचारताच उरकला.

माल जानेवारीत नाही, फेब्रुवारीच्या अखेरीस गेला. बेल्जियमवाल्याने तोवर दोनशे नग दुसरीकडून घेतले होते, म्हणून सहाशेचे चारशे झाले. शेठ दोन दिवस कुरकुरले. पण बंदरावर माल अडला नाही, आणि उन्हाळ्यात त्याच व्यापाऱ्याने आणखी सातशे मागवले. पुढे दोन-तीन वर्षं आमची पेटी युरोपात जात राहिली. खोक्यावरचा नवीन मोर मोरासारखा दिसत होता. तिकडच्या व्यापाऱ्याने मात्र कळवलं, की जुना पक्षी गिऱ्हाइकांना जास्त आवडायचा.

शेठनी गिरजाचा पगार वाढवला आणि तिला 'लायसन्स ऑफिसर' केलं. कार्डं छापून आली त्यात ऑफिसरचं स्पेलिंग चुकलेलं. तिने शंभरच्या शंभर कार्डांवर पेनने दुरुस्त केलं. पहिलं कार्ड खर्डीला नेऊन वडिलांना दिलं. चांगोबाबांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि विचारलं, "मागली बाजू कोरी का सोडली गो?"

मयूरध्वनी २००७ साली बंद झाली. कुणाचा दोष नव्हता, प्लेयर इतके स्वस्त झाले की आमच्या शेडचं भाडंसुद्धा सुटेना. मी शेतीकडे वळलो. शेठनी मुलाबरोबर एलईडी दिव्यांचा धंदा काढला. मला वाटलं, गिरजा आता घरी बसेल. तसं झालं नाही. शेठच्या ओळखीतल्या दोन कारखानदारांना केबलचे सेट-टॉप बॉक्स बनवायचे होते, आणि त्यांनाही जाड कागदावरची पत्रं यायला लागली होती. शेठनीच त्यांना सांगितलं, आधी गिरजाताईंना भेटा, मग घाबरा.

तिने शहापूरला स्टँडजवळ एका पिठाच्या गिरणीच्या वरची खोली घेतली. मी एकदा सहज गेलो होतो. खाली गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं, म्हणून तिने कॉम्प्युटरखाली गोणपाटाची घडी घातली होती. समोर वाशिंदचा एक तरुण कारखानदार बसला होता, हातात सतरा पत्रं, चेहरा उतरलेला.

"सतरा जणांना कसं पुरं पडायचं, ताई?" तो म्हणाला.

गिरजाने पत्रं हातात घेतली, टेबलावर पंख्यासारखी पसरली आणि प्रत्येकाचा वरचा भाग हाताने झाकून फक्त खालच्या ओळी बघत गेली. बघता बघता तिने तीन थप्प्या केल्या. एक मोठी, एक मध्यम आणि एक दोनच पत्रांची.

"ही दोन अवघड हायत," ती म्हणाली. "बाकीची दुपारपर्यंत होतील. जेवलात का तुमी?"